बालसंरक्षण क्षेत्रातल्या लोकांसाठी अर्धवेळ प्रशिक्षक : ठाणे-नवी मुंबईत कुणी करतंय का?

येऊर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, विषय जिव्हाळ्याचा आहे.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यात पदव्युत्तर). बरीच वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात समुपदेशक होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा पूर्णवेळ नोकरी सोडली. आता वागळे इस्टेटमधल्या एका संस्थेत आठवड्यातून दोन दिवस केसेस बघते. परवा ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. बालगृहांत नव्याने रुजू झालेल्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, कायद्याचा भाग वकील घेतील, 'मुलांशी संवाद' तुम्ही घ्याल का? जमलं तर पुढेही अशी कामं देऊ म्हणाल्या.

मला हे काम मनापासून करायचं आहे. मी स्वतः ज्या प्रशिक्षणांना बसले, त्यांत सकाळी पडद्यावर बाल न्याय अधिनियम २०१५ ची कलमं असायची आणि जेवणानंतर पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याची. कलमं यायलाच हवीत. पण रात्री अकरा वाजता कल्याण स्टेशनवर सापडलेलं नऊ वर्षांचं पोर दारात उभं असतं. ते नाव सांगत नाही, भुकेलंय की घाबरलंय ते कळत नाही. अशा वेळी ड्यूटीवरच्या माणसाने पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, कुठे बसायचं, काय विचारायचं आणि काय अजिबात विचारायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. प्रशिक्षण तिथून सुरू व्हावं असं मला वाटतं.

तर विचारायचं असं की अर्धवेळ हे काम कितपत मिळतं? पैशांचं कसं बोलायचं? आणि दोन दिवसांत नेमकं काय घ्यावं? ज्यांनी अशी प्रशिक्षणं घेतली आहेत किंवा नुसती बसून ऐकली आहेत, त्या सगळ्यांनी लिहा.

---

मासुंदा

येऊर ताई, चांगला धागा काढलात. मी या क्षेत्रातून निवृत्त झालो, पण प्रशिक्षणं अजून घेतो.

आधी काम कुठून येतं ते सांगतो. कायद्यातच त्याची सोय आहे. बाल न्याय मंडळाच्या (गुन्ह्यात सापडलेल्या मुलांचं बघणारं) सदस्यांना नेमणुकीपासून ६० दिवसांत आणि बाल कल्याण समितीच्या (निराधार, संकटातल्या मुलांचं बघणारी) सदस्यांना अधिसूचनेपासून दोन महिन्यांत प्रारंभिक प्रशिक्षण द्यायची जबाबदारी राज्य शासनावर आहे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. म्हणजे माणसं बदलत राहतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखालचे जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी बहुतेक कंत्राटी, तेही बदलतात. पोलिसांत बदल्या असतातच. आज शिकवलेला माणूस दोन वर्षांनी त्या खुर्चीत असेलच असं नाही, त्यामुळे हे काम कधी संपत नाही.

शासकीय कार्यक्रम मुख्यतः महिला व बालविकास विभाग, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि पोलीस आयुक्तालयांकडून होतात. त्याखेरीज संस्था आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून चालणारे प्रकल्प आहेत. शाळांची मागणी ऑगस्ट २०२४ च्या बदलापूरच्या घटनेनंतर एकदम वाढली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करायचा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे, पण त्या समितीतल्या लोकांनी तक्रार आल्यावर करायचं काय, हे त्यांना बसवून समजावणारं कुणीतरी लागतं.

अर्धवेळ असण्याचा एक मोठा फायदा मी पाहिलाय. तुमचे दोन दिवस केसेसचे आहेत, ते काही झालं तरी सोडू नका. जे निव्वळ प्रशिक्षक होतात, त्यांची उदाहरणं चार-पाच वर्षांत शिळी होतात. समोरच्या अधीक्षकाला ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं, मग तो मागच्या बाकावर जाऊन फोन बघत बसतो.

---

ट्रान्सहार्बर

वाचतेय. धागा जपून ठेवला.

---

पारसिक

मी पोलीस खात्यात आहे, बाल कल्याण पोलीस अधिकारी म्हणून जबाबदारी सांभाळली आहे. आमच्या बाजूचं सांगतो.

प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक तरी बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, असं बाल न्याय अधिनियमाचं कलम १०७ सांगतं. तसा नेमलेलाही असतो. पण तोच अधिकारी बंदोबस्तालाही जातो आणि गुन्ह्यांचा तपासही करतो. प्रशिक्षणाचं पत्र येतं तेव्हा त्या दिवशी जो मोकळा असेल तो पाठवला जातो. प्रशिक्षकांनी आयोजकांना आधीच सांगावं की पत्र पदनामाने नको, नावाने काढा.

दुसरं, आमच्यापुढे 'बालक म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती' पासून सुरुवात करू नका, तेवढं आम्हाला ठाऊक असतं. आम्ही अडतो ते पुढे. विधिसंघर्षग्रस्त बालकाचा (ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल) गुन्हा कायद्याच्या वर्गवारीत किरकोळ किंवा गंभीर प्रकारातला असेल, सर्वांत जड वर्गातला नसेल, आणि त्यात प्रौढ आरोपी सोबत नसेल तर प्रथम खबर नोंदवायची नाही, ठाणे दैनंदिनीत नोंद करून सोबत सामाजिक पार्श्वभूमी अहवाल द्यायचा. हे नियमात स्पष्ट आहे, तरी हात आपोआप एफआयआरकडे जातो. तो अहवाल कसा लिहायचा हे एकदा बसवून लिहून घ्या. 'घरची परिस्थिती हलाखीची, संगत वाईट' एवढ्यावर बहुतेकांचा अहवाल संपतो.

आणि तिसरं आपल्या भागाचं खास. आमच्या हद्दी आणि महसुली जिल्हे जुळत नाहीत. नवी मुंबई आयुक्तालयात वाशी, ऐरोली आहे तसं पनवेल, उरणही आहे, आणि ते रायगड जिल्ह्यात. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण २०२० पासून त्यांचं आयुक्तालय वसई-विरारबरोबर, आणि वसई-विरार पालघर जिल्ह्यात. ठाणे शहर, ठाणे ग्रामीण आणि लोहमार्ग पोलीस आणखी वेगळे. पनवेलला सापडलेलं मूल कुठल्या समितीपुढे न्यायचं यात तास जातात, आणि २४ तासांत समितीपुढे हजर करायचं घड्याळ चालूच असतं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला हे माहीतच नसतं. तुम्ही इथल्याच आहात, तर जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावा आणि 'मूल इथे सापडलं, आता फोन कुणाला?' हे त्यावर बोट ठेवून घ्या.

---

येऊर

पारसिक सर, हे फार मोलाचं आहे. नकाशाचं नक्की घेते. माझ्या सत्रात पोलीस नाहीत, पण बालगृहातल्या लोकांनाही हाच गोंधळ असतो. समितीची बैठक नसेल तेव्हा मूल थेट गृहात येतं आणि दुसऱ्या दिवशी हद्दीचा प्रश्न निघतो.

---

खाडीकाठ

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी एका मुलांच्या गृहाचा अधीक्षक आहे. अर्धवेळ प्रशिक्षक येतात, चांगलं बोलतात, निघून जातात. माझे कर्मचारी दोन दिवस उत्साहात असतात. तिसऱ्या दिवशी एखादा मुलगा काच फोडतो, दुसऱ्याला मारतो आणि सगळं पूर्वीसारखं होतं. तेव्हा प्रशिक्षकाला फोन लावला तर 'मी दुसऱ्या ठिकाणी सत्रात आहे' असं उत्तर येतं. मला प्रशिक्षक नकोय, महिन्यातून एकदा येऊन माझ्या लोकांसोबत एकेका मुलावर बोलणारा माणूस हवाय. वर्षातून दोन दिवस आठ तास ऐकवण्यापेक्षा दर महिन्याला दोन तास द्या. मनुष्यबळ कमी आहे, एकदम चार जणांना प्रशिक्षणाला सोडलं तर मुलांकडे बघणार कोण, हाही प्रश्न आहेच.

---

मासुंदा

खाडीकाठ, शंभर टक्के सहमत. अडचण अशी की निधी कार्यशाळेच्या नावाने येतो. उपस्थितांच्या सह्या आणि फोटो जोडले की खर्च मंजूर होतो. दर महिन्याच्या दोन तासांना तो रकाना नसतो. तरीही संस्थांकडून येणाऱ्या कामात हे प्रस्तावातच लिहून घेता येतं: दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि पुढचे काही महिने केस चर्चा. काही जण ऐकतात.

---

येऊर

खाडीकाठ दादा, राग कसला, तुम्ही अगदी खरं बोललात. पहिल्या दिवशी शिकवलेलं दुसऱ्या दिवसापर्यंतसुद्धा टिकत नाही, हे मी बालगृहात असताना पाहिलंय. पाठपुरावा नसेल तर मी काम घेणार नाही असं कळवायचा विचार आहे.

---

दिवा_जंक्शन

नमस्कार. मी बालगृहात काळजीवाहक आहे. मुलींच्या. हे माझी मुलगी टाइप करून देते आहे, मी सांगते ती लिहिते.

मोठ्या मॅडम लोकांना प्रशिक्षण मिळतं. आम्हाला कुणी बोलवत नाही, बोलावलं तर मागे बसवतात. पण मुलींसोबत रात्री आम्हीच असतो. समुपदेशक मॅडम पाच वाजता जातात. मुली बोलतात रात्री दिवे बंद झाल्यावर.

आम्हाला काय शिकवायला हवं ते सांगते. बारा वर्षांची मुलगी रोज अंथरूण ओलं करते, बाकीच्या हसतात, तर काय करायचं? नवीन आलेली मुलगी विचारते आई कधी न्यायला येणार, आणि मला माहीत असतं की आई येणार नाही, तर काय बोलायचं? खोटं बोलायचं का? एक मुलगी स्वतःच्या हातावर ओरखडे काढते, ते कुणाला सांगायचं, रात्री सांगायचं की सकाळी? एखादी म्हणते मी तुम्हाला एक गोष्ट सांगते पण कुणाला सांगू नका. मग मी शपथ घ्यायची का?

हात उचलायचा नाही हे आम्हाला सांगितलेलं आहे. पण मग काय करायचं हे नाही सांगितलं. पंचवीस मुली आणि मी एकटी.

चुकलं असेल तर माफ करा.

---

येऊर

दिवा ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. माझ्या दोन दिवसांचा अभ्यासक्रमच तुम्ही लिहून दिलात. सत्रात तुम्ही पुढे बसाल, एवढं मी आधीच सांगून ठेवते.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते, कारण ते उद्याही लागू शकतं. 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथ घेऊ नका. असं सांगा: 'तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस. तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच मी सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.' मुली हे समजून घेतात. शपथ घेऊन मोडली की पुन्हा तोंड उघडत नाहीत. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. खोदून खोदून विचारू नका, तेच पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

आणि आई येणार नाही हे माहीत असताना 'येईल हं' असं म्हणू नका. तुम्हाला जेवढं खरं माहीत आहे तेवढंच सांगा: 'आज येणार नाही. कधी येईल ते मला माहीत नाही. आज रात्री मी इथेच आहे.' तिला रडू द्या, गप्प करू नका.

ओरखडे दिसले तर त्याच रात्री अधीक्षकांना कळवायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. जखम साफ करा, तिच्याजवळ बसा, बाकीच्या मुलींसमोर विषय काढू नका.

अंथरुणाचं थोडं सविस्तर लागेल, ते सत्रात घेऊ. तोवर एवढंच की यासाठी शिक्षा नको, रात्री उठवून सगळ्यांसमोर चादर बदलणं नको, आणि एकदा डॉक्टरांना दाखवायचंच. वय मोठं असलं तरी भीतीमुळे, आधी सोसलेल्या गोष्टींमुळे असं होऊ शकतं, आणि कधी साधा लघवीचा संसर्गही असतो.

---

ट्रान्सहार्बर

दिवा ताई, तुमच्या लेकीलाही धन्यवाद सांगा.

---

कोपरी_वकील

पोक्सोची प्रकरणं चालवतो. दिवा ताईंच्या पोस्टवरून दोन गोष्टी जोडतो, येऊर मॅडमनी प्रशिक्षक म्हणून लक्षात ठेवाव्यात.

एक, पोक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची किंवा घडण्याची शक्यता असल्याची माहिती ज्याला असेल त्या कुणालाही ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यावीच लागते. यात प्रशिक्षकही आला. प्रशिक्षणात जेवणाच्या सुट्टीत कुणी येऊन हळूच म्हणतं, 'मॅडम, आमच्याकडे एका मुलीचं असं झालंय, पण वरून दाबलंय.' ही माहिती ऐकून घरी जाता येत नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासात हे सगळ्यांना उघड सांगावं, म्हणजे नंतर कुणाचा विश्वासघात झाला असं होत नाही.

दोन, उदाहरणं. प्रशिक्षक खऱ्या केसेस सांगतात, नाव बदललं की झालं असं समजतात. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आणि पोक्सोचं कलम २३ नावापुरतं नाही. पत्ता, शाळा, कुटुंब, ओळख पटेल असा कुठलाही तपशील उघड करता येत नाही. आपला जिल्हा बालसंरक्षणाच्या दृष्टीने छोटा आहे. 'मुरबाडजवळची वीटभट्टी, तीन बहिणी, वडील तुरुंगात' एवढं म्हटलं की खोलीतल्या चार जणांना मूल कोणतं ते कळतं. दोन-तीन केसेस एकत्र करून नवी उदाहरणं रचा.

बाकी, जबाब कसा नोंदवतात ते बालगृहातल्या लोकांना सांगाच. पोलीस गणवेशात येऊ शकत नाहीत, जबाब मुलाच्या राहत्या किंवा त्याने निवडलेल्या ठिकाणी घ्यायचा, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत असायला हवं. काळजीवाहक ताईंना हे माहीत असेल तर त्या दारात उभं राहून ठामपणे सांगू शकतात. खटल्यात मुलाला साथ देणारी सहायक व्यक्ती मिळावी म्हणून समितीकडे मागणी करता येते, हेही.

---

घणसोली_२

मी याच वर्षी एमएसडब्ल्यू पूर्ण केलं. पूर्णवेळ नोकरी मिळेपर्यंत असं प्रशिक्षकाचं काम करता येईल का? संवादकौशल्य चांगलं आहे, सादरीकरणं येतात.

---

मासुंदा

घणसोली, उत्साह टिकवा, पण आत्ता लगेच नको असं मनापासून सांगतो. समोर वीस वर्षं मुलांमध्ये काढलेल्या बाया बसलेल्या असतात. त्यांच्या प्रश्नांना पुस्तकातलं उत्तर चालत नाही. आधी गृहभेटी करा, मुलाच्या घरच्या परिस्थितीचे, नमुना २२ मधले सामाजिक तपासणी अहवाल स्वतः लिहा, समितीपुढे उभं राहून त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्या. दरम्यान कुणाचे तरी सहप्रशिक्षक व्हा, गटचर्चा सांभाळा, नोंदी ठेवा. येऊर ताईंनाच मदतीला हवं असेल तर विचारा. बेंगळुरूच्या निम्हान्सचा 'संवाद' उपक्रम बालसंरक्षणातल्या लोकांसाठी ऑनलाइन सत्रं घेतो, ती ऐका.

---

घणसोली_२

पटलं सर. येऊर ताई, खासगी निरोप पाठवते.

---

उपवन

पैशांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. संकोच करू नका, हे काम आहे.

शासकीय कार्यक्रमात मानधन सत्रावर असतं आणि दर त्यांचे ठरलेले असतात, घासाघीस होत नाही. मिळायला वेळ लागतो, तेव्हा घरखर्च त्यावर धरू नका. संस्थांकडे मात्र आधी बोलावं आणि मेलवर घ्यावं: मानधन सत्राचं की दिवसाचं, तयारीचा वेळ धरलाय का, प्रवासखर्च वेगळा का, कार्यक्रम आदल्या दिवशी रद्द झाला तर काय. शहापूरला जायचं तर अख्खा दिवस जातो. वाशी किंवा बेलापूरला ट्रान्स-हार्बरने अर्धा दिवस पुरतो. मानधनातून बहुधा दहा टक्के टीडीएस कापतात, विवरणपत्र भरलं तर देय करात वळता होतो. पॅनची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जवळ ठेवा.

'समाजकार्य आहे, तुम्ही थोडं सांभाळून घ्या' असं हॉलचं भाडं पूर्ण भरणारे लोकही सांगतात. तिथे नम्रपणे नाही म्हणावं. मी म्हणते. काळजीवाहकांसाठीच असेल आणि संस्थेकडे खरोखर पैसे नसतील तर मी फुकटही घेते, पण ते मी ठरवते.

भाषेचंही बघा. भिवंडी, मुंब्र्याकडच्या गटांत निम्मे लोक हिंदी-उर्दू बोलणारे असतात, शहापूरकडे कातकरी वस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते येतात. शासकीय मराठीतली पत्रकं वाटून उपयोग होत नाही. 'विधिसंघर्षग्रस्त' कागदावर लिहायला शिकवा, बोलताना साधं बोला.

---

खाडीकाठ

अजून एक विषय प्रशिक्षणात कधीच नसतो. आमच्याकडच्या काही मुलांना खरं तर गृहाची गरजच नाही. वडील गेलेले, आई धुणीभांडी करते, परवडत नाही म्हणून मूल इथे. संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, असं कायद्याच्या तत्त्वांतच म्हटलंय. मूल घरीच सांभाळता यावं म्हणून बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४००० रुपये. निकष वेगवेगळे आहेत. नव्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असेल तर तो त्या आईला अर्ज भरायला मदत करेल. मूल घरी जाईल. येऊर ताई, संवादाच्या सत्रात हे बसत नसलं तरी घुसवा. आईशी बोलणं हाही संवादच.

---

येऊर

बसवते. पालकांशी बोलणं असा वेगळा तासच ठेवते, त्यात ही आई पात्र म्हणून आणते. एक जण आई होईल, एक जण परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरची चौकशी करणारा), आणि अर्ज तिथेच भरायचा.

ताईंशी काल बोलणं झालं. मी तीन अटी सांगितल्या. काळजीवाहक असायलाच हवेत, गट पंचवीसच्या वर नको, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक गृहात महिन्यातून एकदा दोन तास केस चर्चा. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीसाठी निधी नाही म्हणाल्या, पण दोन गृहांपुरतं सुरू करून बघायला तयार आहेत. मी हो म्हटलं. खाडीकाठ दादा, तुमचं गृह त्यात यावं असं वाटत असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला एक पत्र द्या, मागणी गृहाकडून आली तर वजन पडेल असं त्या म्हणाल्या.

---

खाडीकाठ

सोमवारी देतो.

---

दिवा_जंक्शन

ताई, तारीख ठरली की सांगा. आमच्या पाळ्या आठ-आठ तासांच्या असतात. रात्रपाळी करून सकाळी दहाला आलेली बाई झोपून जाते. दोन गट करता आले तर सगळ्या येऊ शकतील.

---

येऊर

दोन गट करते. रात्रपाळीवाल्यांचं सत्र दुपारी तीनला ठेवायला सांगते, आणि ते हॉलवर न घेता तुमच्याच गृहात घेऊ, म्हणजे प्रवास वाचेल.